सकाळी साखरपुडा, दुपारी लग्न

माझं माहेर आमच्या हिंगोलीतल्या पुसेगावकडचं आन सासर हे इथलं, गोरेगावच्या अलीकडचं, मधे जीपनं जायला किती वेळ लागतो, तेवढ्या अंतरात माझं सगळं आयुष्य बसलं असं समजा. नाव शोभा. वय चाळीस सांगते मी, कार्डावर काय लिवलंय ते बघावं लागंल. बाप दुसऱ्याच्या शेतात सालदार होता, आमी चौघी बहिणी, मी तिसरी. सातवी पास झाले. आठवीची पुस्तकं शेजारच्या पोरीची जुनी मागून आणली होती, त्यांना पेपरची कव्हरं घातली होती, नाव टाकलं होतं, आन त्याच उन्हाळ्यात माझं लगीन झालं. काय सांगू तुमाला ताई, मला कुणी विचारलं न्हाई, आन विचारायचं असतं हे मलाबी ठाऊक न्हवतं. पुस्तकं तशीच कोनाड्यात राहिली, धाकटीनं वापरली असतील.

पहिलं लेकरू पोटातच गेलं. मंग पूजा झाली, मंग पोरगा झाला, तो आता पुण्याला कंपनीत हाय. पोरगा झाला आन तिसऱ्या महिन्यात सासूबाई म्हणाल्या, शोभे, उद्या शिबिराची जीप येणार हाय, सकाळी काही खाऊ नको, आंघोळ करून बस. आमी सहा बायका होतो जीपमधी. मला वाटलं तपासायला नेत असतील. शुद्धीवर आले तवा खाली सतरंजीवर ओळीनं झोपवलं होतं, शेजारची बाई कण्हून राहिली होती, तिला विचारलं काहून गं कण्हते, तर ती म्हणे, बंद केलं ना आपलं आता. तवा मला कळलं. विशीच्या आतबाहेर असंन मी. आता ऑपरेशन वाईट असतं असं मी म्हणत न्हाई हां ताई, दोन लेकरं होती, तिसरं मला बी नको होतं. विचारलं असतं तर मी व्हय म्हणले असते. पण विचारलं न्हाई, एवढंच.

तर पूजाच्या वेळेला मी मनाशी धरलं होतं की हिला सगळं विचारायचं. काय शिकायचं ते विचारायचं, लगीन कवा ते विचारायचं, लेकरू कवा ते तिनंच ठरवायचं. मालक माझे गरीब स्वभावाचे, दोन एकर रान हाय, बाकी आमी दोघं हळदीच्या कामाला जातो. पूस महिन्यापासून पार होळीपतुर हळदीचं काम असतं आमच्याकडं. गडी खणतात, बाया बसून गड्ड्याच्या कांड्या मोडतात, माती झाडतात, मंग ती शिजवायची, वाळवायची. कंबर राहत न्हाई. पण बायांमधी बसून काम करायचं, बोलणं चालतं, दिवस जातो.

पूजा बारावी झाली आन म्हणे, आई मला नर्सिंगला जायचंय, दोन वर्षाचं असतं, हिंगोलीला राहावं लागंल. मी म्हणलं जा. मालक म्हणले, लोक काय म्हणतील, मी म्हणलं लोकांना इंजेक्शन टोचायला लागली की काही म्हणणार न्हाईत. गेली ती. पहिल्यांदा पांढरा ड्रेस घालून आली तर आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या गुडघे दाखवायला दारात येऊन बसल्या, एक तर म्हणे माझ्या म्हशीला बी बघ जरा. हसून हसून पुरेवाट.

दुसऱ्या वर्षाला त्यांना गावोगाव जाऊन बायांना सांगायचं असतं, पाळणा कसा लांबवायचा, गोळ्या कोणत्या, तांबी काय, तीन महिन्याचं इंजेक्शन काय. त्याचा सराव पूजा आमच्यावर करायची. सुट्टीत आली की हळदीच्या रानात यायची, दुपारी भाकरी खायला बसलो की तिचं सुरू. आमच्यात एक शेवंताबाई हाय, तोंडाची फटकळ, ती म्हणे, ए पोरी, तुझं लगीन न्हाई झालं आन आमाला कशाला शिकवून राहिली, माझे चार झाले तवा कुठं होतीस. पूजा म्हणे, मावशी तुमचं आता जाऊ द्या, तुमच्या सुनेला पाठवा. शेवंताबाई म्हणे, सून आली तर माझ्यासाठी भाकरी कोण घेऊन येईल. पण पाठवली तिनं सुनेला. गोरेगावच्या दवाखान्यात जाऊन तांबी बसवून आली ती सून, आजबी मजेत हाय. माझ्या पोरीच्या शब्दानं बसवली, हे मी तुमाला सांगून ठेवते.

मंग स्थळ आलं. कळमनुरीकडचं गाव, पोरगा कळमनुरीला खताबियाण्याच्या दुकानात कामाला, घरचं रान, निर्व्यसनी. पाहायला आले तवा पूजा चहा ठेवून आत गेली न्हाई, तिथंच बसली आन म्हणाली, माझ्या दोन गोष्टी हाईत. कोर्स पुरा झाल्यावर लगीन, सहा महिने राहिलेत, तवर फक्त साखरपुडा. आन नोकरी लागेपतुर लेकरू न्हाई. माझ्या दिराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण पोरगा खाली मान घालून हसला आन म्हणला, चालतंय. त्याच्या आईनं बी मान डोलवली. ताई, जावई वाईट न्हाई, हे मी आजबी म्हणते. त्यानं शब्द दिला होता तो खोट्या मनानं दिला न्हवता. फक्त तो शब्द त्याला आईच्या पुढं धरता येत न्हाई.

साखरपुडा आमच्या दारात होता. माघ महिना, हळदीचं काम जोरात, तरी दोन दिवस घरी राहिले. छोटा मांडव, शंभरेक माणूस, वरण, भात, पुरी, बुंदी. पूजा आदल्या दिवशी हॉस्टेलवरून आली, सोमवारी तिचं प्रॅक्टिकल होतं म्हणून पुस्तक घेऊनच आली होती. तिचा पांढरा ड्रेस धुऊन तारेवर टाकला होता, तो फोटोत येतो म्हणून कुणीतरी काढून गोठ्यात नेऊन टाकला.

टिळा झाला, अंगठ्या झाल्या, साडी झाली. दहा-अकरा वाजले असतील. आन पोराचे चुलते उठून उभे राहिले. ते रिटायर मास्तर, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, बोलायला गोड माणूस. त्यांनी माईक घेतला आन म्हणले, मंडळी, आज सगळे पाहुणे इथं हाईत, भटजी इथं हाईत, जेवण तयार हाय, मंग सहा महिन्यांनी परत एवढाच खर्च काहून करायचा? दोन्ही घराचा फायदा हाय, समाजापुढं एक आदर्श होईल, आजच अक्षता टाकून घेऊ. ताई, आमच्याकडं असं लई होतं आता. साखरपुड्यातच लगीन लावतात, लोक टाळ्या वाजवतात, पेपरात फोटो येतो. आन तशी ती गोष्ट चांगलीच हाय, ज्याच्या घरी पैसा न्हाई त्याच्यासाठी चांगली हाय. कुणी वाईट म्हणूच शकत न्हाई. तिथंच तर अडकायला होतं.

मालकांकडं पाहिलं तर ते जमिनीकडं पाहून राहिले होते. माझे दीर म्हणले, झकास. टाळ्या सुरू झाल्या. आन मंग गुरुजींनी हात वर करून टाळ्या थांबवल्या आन बायांकडं तोंड केलं, म्हणले, थांबा, मुलीच्या आईला विचारल्याशिवाय आपण काही करणार न्हाई, आईचा मान पहिला, बोला विहीणबाई, तुमचं काय मत हाय?

शंभर माणूस माझ्याकडं बघून राहिलं. ताई, तुमाला कसं सांगू. माझ्या जल्मात मला चारचौघात कुणी विचारलं न्हवतं. माझ्या लग्नाला विचारलं न्हाई, ऑपरेशनला विचारलं न्हाई, बैल विकला तवा विचारलं न्हाई. आन आज एवढा शिकलेला माणूस माईकवर मला विहीणबाई म्हणून विचारतो.  खरं सांगते, मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्यात माझी अक्कल गेली. पदर पुढं ओढला आन म्हणले, तुमी मोठी माणसं, तुमी म्हणाल तसं.

एवढंच बोलले. मला विचारलं तवा मी एवढंच बोलले.

पूजा दाराच्या चौकटीत उभी होती. टाळ्यांच्या आवाजात ती काय म्हणली ते दुसऱ्या कुणाला ऐकू आलं न्हाई, मला आलं. ती म्हणली, आई, माझं प्रॅक्टिकल हाय गं.

मंग काय, धावपळ. एकजण मोटारसायकल घेऊन गोरेगावला गेला मणी-मंगळसूत्र आन मुंडावळ्या आणायला. हळद लावायची तर कुठली, असं कुणीतरी म्हणलं तर माझी जाऊ हसली, म्हणे शोभाच्या घरात हळदीचा तोटा हाय व्हय. दुपारी दोनला अक्षता पडल्या. पूजा रडली तर बाया म्हणल्या, रडणारच, पोरीची जात हाय. कुणाला वेगळं वाटलंच न्हाई. तुमच्यासारखे एक पेपरवाले होते, त्यांनी फोटो काढला, दुसऱ्या दिवशी छापून आला, त्यात मी बी हाय, गुरुजींच्या बाजूला, हसून राहिले.

सोमवारी प्रॅक्टिकलला पाठवतो म्हणले होते. मंग म्हणले, नवी नवरी महिनाभर उंबरा ओलांडत न्हाई. महिन्यानं म्हणले, आखाजीचा सण होऊ द्या. पूजानं गोळ्यांचं पाकीट ट्रंकमधी साड्यांच्या खाली ठेवलं होतं, ते सासूला घावलं, तिनं चुलीत टाकलं आन वर म्हणाली, ह्या गोळ्यांनी पिशवी सुकते. पूजा म्हणे, आत्याबाई, मी हेच शिकले हाय, असं काही होत न्हाई. सासू म्हणे, तू कागदावर शिकली, मी अंगावर शिकले. इंजेक्शन घ्यावं तर दवाखान्यात नेणारी गावातली आशा वर्कर म्हणजे सासूची चुलत जाऊ. पूजा तिच्याकडं गेली, हळूच म्हणाली, मला टोचून घ्यायचंय, कुणाला सांगू नका. घरी येईस्तोवर पिठाच्या गिरणीवर सगळ्यांना ठाऊक. शेवंताबाईच्या सुनेला माझी पोरगी वाट दाखवू शकली, स्वतःला न्हाई.

दिवस राहिले. बाळंतपणाला मी इथं आणली. पोरगी झाली, गोरीपान, परी म्हणतो आमी तिला. बारशाला सासू आली ती तोंड एवढंसं करून. पण मला आतून वाटलं, आता ही माझ्याकडं हाय तवर काहीतरी करावं. परी अडीच महिन्याची झाली तवा आमी दोघी कॉलेजला गेलो. तिथल्या मॅडम चांगल्या, त्या म्हणाल्या, पूजा, दिवाळीनंतर तुझी राहिलेली सहामाही परत सुरू होईल, त्यात बस, परीक्षा दे, पण ह्या दिवाळीला आली न्हाई तर तुझं नाव कमी होईल, मंग माझ्या हातात न्हाई. मी म्हणलं, परीला मी सांभाळते, हळदीत झोळी बांधून सांभाळीन. जावयाला सांगितलं, त्यानं आईला विचारलं, ती म्हणाली बघू. बघू म्हणजे न्हाई म्हणली न्हाई ना, असं आमी धरून चाललो.

परीला घेऊन पूजा सासरी गेली. नागपंचमीला मालक जाऊन तिला घेऊन आले. चार दिवसाच्या बोलीवर. पंचमीच्या दिवशी पोरी झोके खेळायला गेल्या, ही घरातच बसली. मी म्हणलं काहून, तर म्हणे, आई, मला दिवस राहून दोन महिने वर झाले असतील. मी म्हणलं, अगं येडे, परी अंगावर पिते, पाळी बी आली न्हाई तुला अजून, अंगावर पीत असलं की राहत न्हाई. ती माझ्याकडं बघून म्हणाली, आई, मी रानात बसून तुमाला हेच सांगितलं होतं ना की राहतं. सांगितलं होतं, ताई. आमी भाकरी खात ऐकलं होतं.

मंग म्हणाली, मला हे नको. परी आठ महिन्याची हाय, माझ्या अंगात रक्त न्हाई, दिवाळीनंतर कॉलेज हाय. हे आता काढता येतं, कायद्यात हाय, मी शिकले हाय, माझी एकटीची सही चालते.

दुसऱ्या दिवशी हिंगोलीला गेलो, एका दवाखान्यात, नाव कशाला घेऊ. डॉक्टर म्हणला, नवरा कुठं हाय? पूजा म्हणली, सर, मी वीस पुरी केलेली हाय, एकविसावं चालू हाय, माझी सही पुरते. तो हसला, म्हणला, एवढं येतं तर गोळ्या काहून घेतल्या न्हाईत? आन उद्या तुझा नवरा चार माणसं घेऊन आला तर त्यांना कायदा तू सांगशील का मी सांगू? नवऱ्याला घेऊन ये. दुसऱ्या ठिकाणी गेलो. तिथली बाई नीट बोलली, व्हय म्हणली, तिचीच सही लागते, पण आधी सोनोग्राफी, आन सोनोग्राफीवाले डॉक्टर आता सोमवारी येतील. ते शुक्रवारचं. पूजाला रविवारी जायचं होतं. एका दिवसानं चुकलं, ताई. येताना जीपमधी ती परीला पाजत होती आन मला म्हणत होती, आई, एक दिवस ठेवून घे मला, कसंबी करून एक दिवस ठेवून घे.

रविवारी जावई आला. मी म्हणलं, परीला ताप हाय, परवा न्या. त्यानं परीच्या कपाळाला हात लावून बघितला, आन बॅग कुठं हाय म्हणला. पूजा आतून आली आन त्याच्यापुढं उभी राहिली, मला पुन्हा दिवस गेलेत, मला हे नको हाय, उद्या माझ्यासंग हिंगोलीला चला, तुमी शब्द दिला होता. त्यानं खिशातून मोबाईल काढला. मंग म्हणला, आईला एकदा विचारतो. फोन लावला, मोठ्यानं आवाज येत होता. ती म्हणली, पोरगं असलं तर? दारात आलेलं पोरगं मारता काय? पूजा म्हणली, आत्याबाई, अंग माझं हाय. ती म्हणली, अंग तुझं आन वंश आमचा. तवा मला राहवलं न्हाई. मी जावयाच्या हातातून फोन घेतला आन म्हणले, विहीणबाई, माझ्या पोरीला परीक्षा देऊ द्या, लेकराचं तिचं ती ठरवंल.  मंग ती अगदी शांतपणे म्हणाली, मांडवात तुमाला विचारलं होतं विहीणबाई, शंभर माणसात विचारलं होतं, तवा म्हणल्या तुमी म्हणाल तसं. आता कुठून तोंड फुटलं?

मी फोन जावयाला परत दिला आन परीची झबली पिशवीत भरली. 

गोरेगावपतुर मी सोडायला गेले. कळमनुरीला जायचं म्हणजे आधी हिंगोलीची जीप. जीप भरेस्तोवर अर्धा तास बसलो तिघं. जावयानं मला चहा आणून दिला. पूजानं परीला मांडीवर घेतलं आन खिडकीकडं सरकली. मला वाटलं ती रडंल, ओरडंल, मला काही बोलंल. बोलली असती तर बरं झालं असतं.

दिवाळी गेली. कॉलेजातून तिच्या एका मैतरणीचा फोन आला, नाव कमी झालं म्हणून. ते पूजाला मी सांगितलं न्हाई, तिला ठाऊक होतं.

आता तिला सातवा सरून आठवा लागलाय. परी इथं माझ्याकडं हाय, कारण पूजाच्यानं दोन्ही होत न्हाई, रक्त कमी हाय, पाय सुजतात. दुसरं बाळंतपण सासरीच असतं, तिकडंच होईल. मी हळदीत जाते, झाडाला झोळी बांधते, परी तिच्यात निजते. शेवंताबाई आता पूजाचं नाव काढत न्हाई, आपल्या वाट्याची एक भाकरी मात्र रोज परीसाठी बारीक करून ठेवते.

परवा पूजाचा फोन आला होता. आवाज अगदी बारीक. ती म्हणाली, आई, आत्याबाईनी सांगितलंय, पोरगं झालं तर लगेच ऑपरेशन करून घे, आमची ना न्हाई. पोरगी झाली तर मात्र न्हाई. मी म्हणलं, मंग? ती म्हणाली, मंग तू देवाला सांग, पोरगं होऊ दे. एवढं माझ्यासाठी कर.

माझ्या पोरीनं असं म्हणलं, ताई. ती लोकांच्या दारात जाऊन सांगायची, पोरगा-पोरगी सारखंच, पोरीसाठी दुःख करू नका. परी झाली तवा मी गल्लीत पेढे वाटले होते, लोक हसले तरी वाटले होते.

आता मी रोज कामाला जाताना आमच्या देवीपुढं थांबते. परी कडेवर असते, तिला हात जोडायला शिकवलंय मी, जोडते बिचारी, हसते. आन तिला कडेवर घेऊन मी पोरगा मागते. दुसरं काय मागू, तुमीच सांगा. न्हाई, नका सांगू. पाणी घ्या तुमी, ऊन लई हाय, आन जीप चुकवू नका. देव तुमच्या लेकीबाळीचं बरं करो.